उपरण्याखालच्या कोंबड्या

कोंबड्या पाळायच्या हे आमच्या घरात ठरलं, तेव्हा मूळ विषय कोंबड्यांचा नव्हताच. विषय बाजाराच्या पिशवीचा होता. ही खाकी पिशवी स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेली असते, आणि ती माझ्या हातून गेली त्या दिवसापासून मी घरातला नामधारी कर्ता पुरुष आहे. झालं एवढंच, की मी एक लाल भोपळा आणला. विकणाऱ्याने पोरांची शपथ घेऊन सांगितलं होतं की भोपळा आतून लाल आहे. तो आतून भोपळाच नव्हता. म्हणजे साल होती, आणि सालीच्या आत नुसती हवा आणि चार बिया. त्याआधी मी आणलेली छत्री आणि त्याआधीची आंब्याची पेटी, जिच्यात आंबे फक्त वरच्या थरात होते, ही दोन्ही माझ्या बायकोने, वत्सलाने, पोटात घातली होती. भोपळ्यावर मात्र तिने पिशवी काढून घेतली.

"यापुढे बाजार मी करीन," ती म्हणाली. "तुम्ही आपलं पाटबंधाऱ्याचं ऑफिस सांभाळा. तिथे घासाघीस करावी लागत नाही."

हे ती गोजरबाईंच्या देखत म्हणाली. गोजरबाई आमच्या शेजारी राहतात, आणि त्यांना एखादी गोष्ट सांगितली की केडगावात ती वेगळी सांगावी लागत नाही. दुसऱ्याच दिवशी पानवाल्याने मला सुपारी देताना "वहिनींना विचारून आलात ना?" असं विचारलं. माणसाने किती सहन करायचं?

तर अशा मनःस्थितीत ऑफिसात माझ्या हाती एक छापील पत्रक आलं. परसातल्या कुक्कुटपालनाविषयी होतं. त्यात 'बॅण्टम' नावाच्या बुटक्या कोंबडीची फार स्तुती केली होती. अंगाने लहान, खायला कमी, जागा कमी, अंडी मात्र मनापासून घालते. मला ती कोंबडी एकदम आपल्यातली वाटली. घरी आलो आणि जाहीर केलं की मी बॅण्टम कोंबड्या आणणार, आणि त्याही रास्त भावात. आणल्या तर पिशवी मला परत मिळालीच पाहिजे.

"रास्त आहे की नाही ते ठरवणार कोण?" वत्सलाने विचारलं.

"रंभाजीअण्णा."

"आणि नाही जमलं तर?"

"तर काडेपेटी आणायलासुद्धा मी बाहेर पडणार नाही."

"काडेपेटी आत्ताही मीच आणते," ती म्हणाली. पण अट तिने मान्य केली.

रंभाजीअण्णा हे आमचे घरमालक. उभी हयात त्यांनी घोडेगावच्या बैलबाजारात हेडी म्हणून काढली, म्हणजे एकाचा बैल दुसऱ्याच्या गळ्यात घालून मधल्या मधे दोघांचे आशीर्वाद घेतले. त्यांच्या शब्दाला वत्सलासुद्धा मान देते.

आधी मी सरळ मार्गाने गेलो. एका सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी सांगितलं की कोंबड्या मिळतील, पण खुराडं असल्याचा दाखला आणा. खुराडं बांधायला मदत मिळते का, असं विचारलं, तर म्हणाले मिळते ना, फक्त कोंबड्या असल्याचा दाखला आणा. मी स्वतः सरकारी माणूस असल्याने मला यात काही वावगं दिसलं नाही. शिवाय त्यांच्याकडे फक्त पांढऱ्या धिप्पाड विलायती कोंबड्या होत्या. बॅण्टमचं नाव काढल्यावर साहेबांनी मला तो शब्द कागदावर लिहून द्यायला सांगितला आणि कागद फायलीला लावला. तो अजून तिथेच असेल.

मग आळीचा सल्ला सुरू झाला. गोजरबाई म्हणाल्या काळी घेऊ नका, नजर धरते. वाण्याने सांगितलं काळीच घ्या, घार उचलत नाही. आमच्या हेडक्लार्कांनी, ज्यांनी आयुष्यात कोंबडी फक्त ताटात पाहिली, मला अर्धा तास कोंबडीच्या आजारांवर व्याख्यान दिलं. कामाचं बोलले ते एकटे रंभाजीअण्णा.

"पारनेरच्या बाजारला जा. तिकडल्या वाड्यावस्त्यांवर बुटकी जात हाय. पन कानडेसाहेब, तोंडानं भाव बोलू नका. तोंडानं बोलला की बाजार ऐकतो, आन बाजारानं ऐकलं की तुमी गेले. सौदा झाकून करायचा."

"झाकून म्हणजे?"

त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, माझा हात हातात घेतला आणि त्यावर उपरणं टाकलं. आत त्यांनी माझी बोटं दाबली. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, आख्खा पंजा म्हणजे पाच. वर चेहरा कोरा ठेवायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव फक्त दोन हातांना ठाऊक. आणि सौदा झाला की तो भाव तिसऱ्याला सांगायचा नाही, ही बोली.

"पण एक म्हणजे एक काय?" मी विचारलं. "रुपया, दहा, का शंभर?"

"ते जनावर बघून समजायचं," अण्णा म्हणाले, आणि मला त्यांनी आपलं उपरणं वापरायला दिलं. दोन संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर सराव केला. वत्सला चहा घेऊन आली तेव्हा आम्ही हातात हात घालून बसलो होतो. ती कप ठेवून आत गेली.

पारनेरच्या बाजाराला मी किरकोळ रजा टाकून गेलो. कांद्याच्या राशींच्या पलीकडे एक बाई डालगं घेऊन बसली होती. डालग्यात चार कोंबड्या आणि एक कोंबडा, सगळी अशी बेताच्या उंचीची की माझा जीवच भांड्यात पडला.

"लहान आहेत का या?" मी धूर्तपणे विचारलं.

"ल्हान न्हाईत, बुटक्या हायेत," ती म्हणाली. "ह्यांच्या आज्यासुदिक बुटक्याच हुत्या. घ्यायच्या का?"

तिचं नाव राहीबाई हे मला नंतर समजलं. आधी समजलं असतं तरी पुढचं टळलं नसतं. मी चारी बाजूंना बघितलं, उपरणं झटकलं, वाकून हात पुढे केला आणि हलक्या आवाजात म्हणालो, "हात द्या."

"काय द्या?"

"हात. या उपरण्याखाली."

शेजारच्या कांदेवालीने तराजू खाली ठेवला. बैलबाजारात सगळे हेडी पुरुष असतात, सगळे शेतकरी पुरुष असतात, ही गोष्ट रंभाजीअण्णांना इतकी उघड वाटली असणार की त्यांनी ती मला सांगितली नाही. आणि मला, एका बायकोच्या नवऱ्याला, ती सुचली नाही. राहीबाईंनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मान वळवून शांतपणे हाक मारली.

"सहादेवदादा, जरा इकडं ये रं. ह्यो पँटवाला माझा हात मागतोय."

जनावरांच्या ओळीतून त्यांचा भाऊ आला. आधी त्याच्या मिशा आल्या, मग तो आला. मी घाईघाईने सांगितलं की मी सभ्य माणूस आहे, पाटबंधारे खात्यात आहे, मला फक्त झाकून सौदा करायचा होता. हे ऐकताच सहादेवाचा राग गेला आणि डोळ्यांत एक वेगळीच चमक आली. तोही हेडीच निघाला.

"कोंबड्यांचा? झाकून?" तो म्हणाला. "या की. माझ्यासंगं करा."

तोवर बघ्यांचं कडं पडलं होतं. उपरण्याखाली मी त्याची तीन बोटं दाबली. त्याने मान हलवली आणि माझा पंजा दाबला. मी चार दाबली. त्याने पुन्हा पंजा दाबला आणि मग माझा अंगठा धरून असा काही पिळला, की त्याचा काहीतरी अर्थ असलाच पाहिजे. अण्णांनी मला अंगठा शिकवला नव्हता. आता एवढ्या लोकांत, एवढा जाणकाराचा आव आणल्यावर, "अंगठा म्हणजे किती हो?" असं विचारायचं? ते माझ्याच्याने झालं नाही. मी मुरलेल्या माणसासारखी सावकाश मान डोलावली. सहादेवाने उपरणं ओढलं, "झालं" म्हणाला आणि माझ्या कानात आकडा सांगितला.

तो आकडा मी इथे सांगणार नाही. सौदा झाकलेला आहे. एवढं सांगतो, की अंगठा पिळला की आधीचा आकडा कैक पटींनी चढतो, हे मला त्या क्षणी कळलं. पण भर बाजारात मान डोलावलेली. मी पैसे दिले. सहादेवाने कोंबड्यांचे पाय बांधून दिले आणि मला राम राम घातला. राहीबाई भावाकडे बघत होत्या, आणि भाऊ आभाळाकडे बघत होता.

एसटीत बसलो तेव्हा माझ्या खिशात माझ्यापुरतं तिकीट होतं, कोंबड्यांच्या लगेजचे पैसे नव्हते. म्हणून मी त्यांना उपरण्यात गुंडाळून मांडीवर घेतलं. सुपा येईपर्यंत त्या गप्प होत्या. सुप्याला कोंबडा आरवला. कंडक्टर बन्सी नावाचा एक भला गृहस्थ होता, त्याने येऊन उपरण्याचं टोक वर केलं.

"साहेब, ह्यांचं तिकीट?"

"या बॅण्टम आहेत," मी म्हणालो. "बुटक्या. यांना काही सवलत..."

"बुटकी असू द्या न्हाईतर उंच, कोंबडी ती कोंबडी. कितीला घेतल्या?"

"झाकून सौदा केलाय. सांगता येत नाही."

पुढच्या बाकावर दोन हेडी बसले होते. दोघांनी मागे वळून आधी कोंबड्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कोंबड्यांचा झाकून?" एक जण म्हणाला. बन्सीने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग त्याने स्वतःच्या खिशातून पैसे काढून कोंबड्यांचं तिकीट फाडलं. "बसा साहेब," तो म्हणाला. "तुमचं आजचं लई झालेलं दिसतंय." माझी इतकी कीव आजवर कोणी केली नव्हती. भोपळ्याच्या वेळीही नाही.

केडगावला उतरून घरी आलो तेव्हा परसात आळी जमलेलीच होती. रंभाजीअण्णांनी एकेक कोंबडी हातात घेतली, पिसांत फुंकर मारली, पंख ताणून बघितले.

"माल झ्याक हाय," ते म्हणाले.

"केवढ्याला?" हे वत्सला आणि गोजरबाई दोघीही एकदम म्हणाल्या.

वाटेत मला एकच गोष्ट सुचली होती, आणि ती खरं म्हणजे अण्णांचीच होती. मी खांद्यावर उपरणं टाकलं आणि गंभीरपणे म्हणालो, "सौदा झाकून केलाय."

अण्णांना भरून आलं. "मंग विचारायचं न्हाई," त्यांनी सगळ्यांना बजावलं. "बोलीची इज्जत असती. पन कानडेसाहेब, भाव कळल्याबिगर तो रास्त हाय का न्हाई, ह्याचा निवाडा मी कसा करू?"

तेव्हा निकाल राहून गेला आणि पिशवी खिळ्यालाच राहिली. वत्सला फक्त "बरं" म्हणाली. तिचं "बरं" ज्याने ऐकलंय त्याला मी काही समजावून सांगायला नको.

पुढचे दिवस वाईट गेले असं म्हणता येणार नाही. कोंबड्या खरंच गुणी निघाल्या. एकीने माझ्या ऑफिसच्या कोटात अंडं घातलं आणि मला ते कचेरीत जाऊन बसल्यावर समजलं, हे सोडा. कोंबडा दिवसभर वाटेल तेव्हा आरवायचा, तेही सोडा. त्रास झाला तो गोजरबाईंचा. त्यांनी मनाशी एक अगदी स्वस्त आकडा धरला आणि मला ऐकवला. मी हसलो. हसलो म्हणजे आकडा बरोबर, असं त्यांनी आळीत सांगितलं. त्या दिवसापासून मी केडगावातला हुशार गिऱ्हाईक झालो. पानवाला मला "या शेठ" म्हणू लागला. मला ते आवडलं, का नाही आवडणार? पण मग गोजरबाई म्हणाल्या, "भाऊजी, मलाबी त्याच भावात दोन आनून द्या." वाण्याला तीन हव्या होत्या. मी कधी विकणारी कोल्हारला गेल्याचं सांगितलं, कधी कोंबड्यांत साथ आल्याचं.

एका सकाळी मी ओट्यावर चहा पीत होतो. रस्त्याने डालगं घेतलेली एक बाई चालली होती, आणि गोजरबाईंनी तिला आळीत बोलावलं. ती राहीबाई होती. लेकीकडे आली होती, येता येता कोंबड्या विकत होती. मी कप घेऊन आत सटकणार, तोच तिने मला ओळखलं.

"आगं बाई, हेच की ते. माझा हात मागत हुते."

गोजरबाईंनी आयुष्यात एवढं सुख पाहिलं नसेल. वत्सला पोळीचं पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. "कोणाचा हात?"

मी सगळं सांगितलं, उपरणं, कांदेवाली, मिशा, सगळं. फक्त भाव सांगितला नाही. राहीबाई मधे मधे "व्हय, आसंच झालं" म्हणत होत्या, एवढा एक त्यांचा माझ्यावर उपकार. रंभाजीअण्णाही येऊन उभे राहिले.

"ते हाताचं ऱ्हाऊ द्या," राहीबाई म्हणाल्या. "मला एवढंच सांगा, तुमी दादाला किती दिले? मी इचारलं तर म्हनला, सौदा झाकल्याला हाय, तुला सांगता येत न्हाई. हे धर तुझे, म्हनला. कोंबड्या माझ्या. कोंडा मी घातला, घारीवर दगडं मी मारली. आन भाव मलाच ठाव न्हाई."

"मलाही नाही," वत्सला म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. अण्णांनी लगेच हात वर केला. "तोंडानं सांगायचं न्हाई बरं का. बोली हाय."

मला त्या बोलीआड लपता आलं असतं. दारातून मला आतला खिळा दिसत होता, खिळ्यावर पिशवी होती, आणि भाव बाहेर पडला की ती जन्मात माझ्या हाती लागणार नव्हती, वर शेठपणा जाणार तो वेगळाच. पण राहीबाईंचं तोंड एवढंसं झालं होतं. भावाने फसवलं हे त्यांना कळत होतं आणि किती ते कळत नव्हतं. मी कप खाली ठेवला.

"अण्णा," वत्सला म्हणाली, "तोंडाने नाही, बोटांनी सांगितलं तर?"

अण्णा विचारात पडले. "बोटानं चालंल," ते अखेर म्हणाले. "बोटानंच तर झालाय सौदा."

वत्सलाने हात पदराला पुसले, पदर पुढे धरला आणि सगळ्या आळीसमोर म्हणाली, "द्या हात."

लग्नात हात धरला त्यानंतर चारचौघांत पहिल्यांदाच धरत होतो. पदराखाली मी खरं ते दाबलं. शेवटी अंगठा पिळला. तिचे डोळे मोठे झाले. तिने पुन्हा दाबायची खूण केली, मी पुन्हा दाबलं, आणि अंगठ्याचा अर्थ कानात सांगितला. मग तिने दुसरा हात राहीबाईंच्या पदराखाली घातला. राहीबाईंची मान थोडी थोडी वर येत गेली.

"आसं व्हय," त्या म्हणाल्या. त्यांनी डालगं डोक्यावर घेतलं, एकही कोंबडी न विकता सरळ पारनेरच्या गाडीची वाट धरली.

"काय गं, केवढ्याला?" गोजरबाईंना राहवेना.

"सौदा झाकलेला आहे, गोजरबाई," वत्सला म्हणाली आणि आत गेली. आत जाऊन मात्र ती चुलीपाशी बसली आणि तोंडात पदर धरून डोळ्यांतून पाणी येईतो हसली. "अहो, तेवढ्यात दुभती शेळी आली असती," ती म्हणाली. मग ती डोळे पुसून म्हणाली, "पण सांगितलंत. मला वाटलं नव्हतं सांगाल."

पुढच्या आठवड्यात राहीबाई परत आल्या. या खेपेला डालगं सहादेवाच्या डोक्यावर होतं आणि त्याच्या मिशा पार खाली आलेल्या होत्या. आळी होतीच.

"पैसे ह्यानं बैलात घातले," राहीबाई म्हणाल्या. "तवा सायबांचा भाव रास्त व्हईस्तवर मी कोंबड्या देनार. बाई, तुमाला ठाव हाय. झालं की बस म्हना."

त्यांनी एक कोंबडी परसात सोडली. मग दुसरी. आळी आनंदाने बघत होती. तिसरी सोडली तेव्हा माझ्या लक्षात आलं की गोजरबाई बोटं दुमडून हिशेब करतायत. सुटणाऱ्या प्रत्येक कोंबडीबरोबर मी किती फसलो ते आळीला दिसत होतं. अजून निम्मं डालगं मला येणं होतं. पानवाला पुढे सरकला. मी जमिनीकडे बघू लागलो. राहीबाईंनी चौथीला हात घातला.

"बस," वत्सला म्हणाली.

राहीबाई थांबल्या. "बस? अवो बाई, आजून..."

"बस म्हटलं ना. झाला रास्त."

राहीबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि डालग्यावर फडकं टाकलं. "झाला म्हनायचा," त्या म्हणाल्या. गोजरबाईंनी बोटं सोडली. तीन कोंबड्या वर म्हणजे मामुली फसवणूक, असं आळीचं मत पडलं, आणि तेवढं कोणाचंही होतं. रंभाजीअण्णांनी घसा साफ करून निकाल दिला की भाव रास्त आहे. डालग्यातल्या उरलेल्या कोंबड्या गोजरबाईंनी आणि वाण्याने तिथेच, तोंडाने बोलून घेतल्या.

वत्सलाने खिळ्यावरची पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. ती घेऊन मी तडक काडेपेटी आणायला निघालो.

आता बाजाराला मी जातो. ती बरोबर असते. पिशवी माझ्या हातात, आणि पिशवीखाली तिचा हात माझ्या हातात. ती बोटं दाबते आणि मी भाव बोलतो. कानडेसाहेबांना भाजीतलं फार कळतं, असं आता भाजीवाल्यासुद्धा म्हणतात. परवा एका जणाने मला एक लाल भोपळा दाखवला, पोरांची शपथ घेतली. पिशवीखाली वत्सलाने माझा अंगठा पिळला. मी म्हटलं, राहू दे बाबा, आणि आम्ही पुढे गेलो.